आकडा बरोबर, चाकाचे काय?

सायकल हे मध्यमवर्गीय घरातले असे एकच वाहन होते, की ज्याचा हिशेब कोणी ठेवत नसे. स्कूटरला पेट्रोलची वही असे, बसला पास असे, रिक्षाला मीटर असे. सायकलला यातले काही नव्हते. वर्षातून एकदा ‘ओव्हरऑइलिंग’, अधूनमधून पंक्चर आणि कधीतरी हौसेने बसवलेली नवी घंटी, एवढ्यावर ती वर्षानुवर्षे चाले. चालवणाऱ्याने किती ताकद लावली, याची नोंद त्याच्या पोटऱ्यांत आणि घरी आल्यावर ताटात वाढलेल्या पोळ्यांत होत असे. आता सायकललाही मीटर आला आहे. तो अंतर मोजण्यावर समाधान मानत नाही. माणसाने पायाने किती शक्ती लावली, ते तो क्षणाक्षणाला वॅटमध्ये सांगतो.

हा मीटर मी जवळून पाहिला तो माझ्या पुतण्यामुळे. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. आठवडाभर खुर्चीत बसतो आणि रविवारी पहाटे साडेचारला खडकवासल्याच्या रस्त्याला लागतो. ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या तो करतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत, अशी त्यांची कालमर्यादा असते. त्यात पहिला-दुसरा कोणी नसतो. वेळेत पोहोचला तो पास. या नादाला महाराष्ट्रात आता प्रतिष्ठाही आली आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पूर्ण केली. तेव्हा घरातला मुलगा सायकलवर तीस-पस्तीस तास बाहेर असतो, म्हणजे काहीतरी बिघडले आहे, असे आता आयांना वाटत नाही. निदान पूर्वीइतके वाटत नाही.

अशा लांबच्या फेरीत उत्साहाच्या भरात पहिल्या शंभर किलोमीटरला जास्त जोर लावला, की शेवटच्या शंभरात पाय साथ सोडतात. नाडीचे ठोके मोजून हे कळते, पण ठोके जरा उशिराने वाढतात. उन्हाने, चहाने, अपुऱ्या झोपेनेही वाढतात. वॅटचा आकडा मात्र त्या क्षणीच्या कामाचा असतो. चढावर तो २५० च्या वर गेला, की शहाणा माणूस गिअर हलका करतो. पुतण्याला हा मीटर हवा होता तो यासाठी. त्याने तो वापरलेला घेतला, बावीस हजार रुपयांना. मागच्या चाकाच्या मधोमध बसणारा, जरा पोट सुटलेला असा तो हब होता.

आत काय असते, ते सांगण्यासारखे आहे. धातूची तार ताणली, की तिचा विजेला होणारा विरोध किंचित बदलतो, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५६ मध्ये दाखवून दिले होते. त्यावरून १९३८ मध्ये एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोन अमेरिकनांनी, एकमेकांच्या कामाशी संबंध नसताना, ‘स्ट्रेन गेज’ नावाची पट्टी तयार केली. ही बारीक तारेची पट्टी एखाद्या वस्तूला चिकटवली, की ती वस्तू केसाच्या अंशाइतकी ताणली वा पिळवटली गेली तरी पट्टीचा विरोध बदलतो आणि तो बदल मोजता येतो. पूल, विमानाचे पंख, वाण्याच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा, सगळीकडे हीच युक्ती आहे. १९८६ मध्ये उलरिख शोबेरर या जर्मन अभियंत्याने ती सायकलच्या क्रँकमध्ये घालण्याचा उद्योग सुरू केला. पुढे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या सॅरिस कंपनीचा ‘पॉवरटॅप’ हा हबमधला मीटर लोकप्रिय झाला. साखळीने दात्यांना दिलेला ओढा चाकात पोहोचण्याआधी हबमधल्या एका नळीतून जातो. ती नळी किती पिळवटली, हे पट्ट्या सांगतात. चाक किती वेगाने फिरते, ते वेगळे मोजले जाते. पीळ आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती.

आकड्यातच बोलायचे, तर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलचे चाक सेकंदाला सुमारे ४ फेरे घेते. त्या वेळी हबवर ८ न्यूटन-मीटर इतका पीळ पडत असेल, तर माणूस २०० वॅट देत असतो. आपल्या घरातला जुन्या धाटणीचा छताचा पंखा ७५ वॅटचा असतो. दिवसभर अंगमेहनत करणारा मजूर आठ तास सातत्याने देतो ती शक्तीही साधारण ७५ वॅटच धरतात. जेम्स वॉटने आपली वाफेची यंत्रे घोडेवाल्यांना विकता यावीत म्हणून ‘अश्वशक्ती’ ठरवली. ती ७४६ वॅटची. म्हणजे एक मजूर हा घोड्याचा दहावा हिस्सा, आणि चढावर दात-ओठ खाणारा माझा पुतण्या म्हणजे तीन पंखे! घरात हे जाहीर झाल्यापासून त्याच्या आईने उन्हाळ्यात त्याला खोलीत उभे राहून वारा घालायला सांगितले आहे.

मीटर आला, पण तो बसवायचा कसा? हल्लीचे बहुतेक मीटर पेडलमध्ये किंवा क्रँकमध्ये असतात. पाना घेतला, जुने पेडल काढले, नवे लावले, झाले. हबचे तसे नाही. हब म्हणजे चाकाचे मूळ. तो बदलायचा, तर अख्खे चाक सुटे करून पुन्हा विणावे लागते. म्हणून चकचकीत दुकानांतून सल्ला मिळाला, की आख्खे नवे चाकच घ्या. पण पुतण्याच्या चाकाची रिम चांगली होती, त्या रिमवर त्याने पहिली ६०० ची फेरी पूर्ण केली होती, आणि सगळेच नवे घ्यायचे तर मग वापरलेला हब घेण्यात काय अर्थ, असे त्याचे म्हणणे. तेव्हा आम्ही गेलो पेठेतल्या मामांकडे. त्यांना सगळे मामाच म्हणतात. दुकान म्हणजे आठ फुटांचा गाळा, वर टांगलेले टायर आणि पुढे फुटपाथवर पाण्याची घमेली.

चाकाविषयी दोन शब्द इथे सांगायला हवेत, कारण आपण चाक रोज पाहतो आणि कधीच पाहत नाही. बैलगाडीच्या चाकात मधला तुंबा असतो, त्यातून निघालेले लाकडी आरे असतात, बाहेर पाटे आणि त्यावर लोखंडी धाव. गाडीचे ओझे तुंब्यातून खालच्या आऱ्यावर येते आणि तो आरा खांबासारखा उभा राहून ते पेलतो. सायकलचा आरा, म्हणजे दुकानातला स्पोक, ही जेमतेम २ मिलिमीटर जाडीची तार आहे. ती खांब होऊ शकत नाही. नुसती उभी करून वरून दाबली, तर वाकेल. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून बसवतात. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला एकेका तारेवर शंभर किलोच्या वजनाइतका ताण असतो. सायकलवर माणूस बसला, की खालच्या काही तारांचा ताण थोडा कमी होतो, आणि त्या कमी होण्यातच त्या ओझे पेलतात. जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्याने १९८१ मध्ये ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे नीट मांडले. ताण शिल्लक आहे तोवर चाक उभे आहे. तो संपला, की चाकाचे पापड होते.

आणखी एक गोष्ट. तारा तुंब्यातून सरळ बाहेर निघाल्या, तर पायडलचा पीळ रिमपर्यंत पोहोचवता येत नाही. त्यासाठी त्या तिरक्या असाव्या लागतात, काही पुढे झुकलेल्या, काही मागे. ही युक्ती इंग्लंडच्या जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये पेटंट केली. आजही नेहमीच्या चाकात एक तार रिमपर्यंत जाताना उलट झुकलेल्या तीन तारांना ओलांडते. चटईसारखी ही वीण असते.

मामांनी हब हातात घेऊन आधी भोके मोजली. बत्तीस. मग रिमची मोजली. बत्तीस. “जमलं,” म्हणाले. हे पहिले लग्न न जमले, तर पुढे काहीच होत नाही. जुन्या इंग्रजी धाटणीच्या काळ्या सायकलींना पुढच्या चाकात ३२ आणि मागच्यात ४० तारा असत. तिच्या मागच्या रिममध्ये हा हब कधीच बसणार नाही. मग त्यांनी हबची रुंदी फ्रेमच्या मागच्या चिमट्यात धरून पाहिली. १३० मिलिमीटर. तीही जमली. मग हबच्या दोन्ही बाजूंच्या चकत्यांचा व्यास जुन्या हबशी ताडून पाहिला आणि मान हलवली. “तारा नव्या लागतील. ह्या लांब पडतील.”

पुतण्याने मोबाईलवर त्रिकोणमितीचे गणित मांडून आणले होते. चकतीचा व्यास १२ मिलिमीटरने वाढला, तर या विणीत तार सुमारे २ मिलिमीटरने आखूड लागते. दोन मिलिमीटर म्हणजे काय, असे आपल्याला वाटेल. पण तार लांब राहिली, तर तिचे टोक निपलमधून वर येऊन ट्यूबमध्ये घुसते किंवा आटे संपल्याने तार ताणताच येत नाही; आखूड राहिली, तर मोजक्या आट्यांवर सगळा भार येतो. पुतण्याचे गणित उजवीकडे २९० आणि डावीकडे २९२ आले. मामांनी कप्प्यातून वेगवेगळ्या लांबीच्या चार तारा काढल्या, हब आणि रिम यांच्यात धरून पाहिल्या आणि त्यांतल्या दोन निवडून पट्टीवर ठेवल्या. २९० आणि २९२. पुतण्या माझ्याकडे पाहू लागला. मामा चहा सांगायला बाहेर गेले.

पुढचे काम पावणेतीन तास चालले. आधी गिअरच्या दात्यांची थाळी उतरवली. जुन्या, आट्यांवर बसणाऱ्या फ्रीव्हीलच्या चाकात हा क्रम चुकला आणि तारा आधी काढल्या, तर फ्रीव्हील उतरवायला धरायचे कशाला, हा प्रश्न येतो, असे त्यांनी कामाच्या ओघात सांगितले. मग सगळे निपल अर्धा-अर्धा आटा सैल करत चाकाभोवती फेरे घातले, एका बाजूने एकदम ढिले सोडले नाही. रिम वाकू नये म्हणून. नव्या तारा एका बाजूला आठ आतून, आठ बाहेरून अशा ओवल्या. हवा भरायच्या भोकाच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना समांतर येतील, हे पाहिले. नाहीतर पंपाचे तोंड आत जात नाही. मग पाव-पाव आटा आवळत ताण चढवत नेला. मागच्या चाकात उजवीकडे गिअरची थाळी असल्याने त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या असतात आणि जास्त ताणाव्या लागतात, डावीकडच्या कमी. तरीही रिम बरोबर मधोमध यावी लागते. मधूनमधून ते दोन-दोन तारा मुठीत धरून जोराने दाबत. ‘टण्’ असा आवाज येई. तारा आपापल्या जागी बसत होत्या.

शेवटी त्यांनी डोळे मिटल्यासारखे केले आणि एकेक तार नखाने छेडली. तंबोरा लावणारा माणूस असाच बसतो. एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात बोलल्या, की ताण सारखा. ज्या दोन वेगळ्या बोलल्या, त्या त्यांनी किंचित फिरवल्या. “दोनशे किलोमीटर झाले की आणून दाखव,” पुतण्याला म्हणाले. “नवीन तारा बसतात. थोडी आऊट काढावी लागंल. त्याचे पैसे नाहीत.” तारांचे वेगळे आणि मजुरीचे सातशे रुपये त्यांनी घेतले.

पुतण्याने घासाघीस केली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. पण संध्याकाळी त्याने मला त्याच्या सायकलच्या खर्चाचा तक्ता दाखवला. त्यात एक ओळ होती : पॉवर मीटर, २२,०००. आणि सगळ्यात खाली दुसरी : इतर, ७००. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाची नजर अशा वेळी ‘इतर’वरच जाते. कोणत्याही ताळेबंदात ज्याला नाव देण्याची गरज वाटत नाही, ते त्या रकान्यात जाऊन पडते.

खरी गंमत पुढे झाली. दोनशे किलोमीटर होऊन गेले, चारशे झाले, तरी पुतण्या मामांकडे गेला नाही. का जावे? मीटर उत्तम चालला होता. रोज निघण्याआधी तो शून्यावर आणायचा, मग दिवसभर आकडे बिनचूक. या जातीच्या मीटरची अचूकता दीड टक्क्याच्या आत असल्याचे कंपनी सांगत असे. म्हणजे दोनशे वॅटला तीन वॅट इकडे किंवा तिकडे. शिवाय आकडे वाढत होते! त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेळात, तो पूर्वीपेक्षा जास्त वॅट देत होता. तब्येत सुधारली, असे त्याने घरी सांगितले. महिनाभराने पंक्चर काढायला म्हणून मामांकडे गेला, तेव्हा त्यांनी मागचे चाक उचलून नुसते फिरवले. प्रत्येक फेऱ्याला एका ठिकाणी रिम ब्रेकच्या रबराला घासत होती. फार नाही, कागदाला कागद घासावा इतके. वाढलेले वॅट तिथे जात होते. मामांनी दहा मिनिटांत आऊट काढली आणि आकडा खाली आला.

मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. मीटरमध्ये काही बिघाड नव्हता. हबमधली नळी जेवढी पिळवटली, तेवढे तो प्रामाणिकपणे सांगत होता. मात्र ती शक्ती रस्त्यावर गेली की ब्रेकच्या रबरावर, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याच्या लेखी सगळे कामच. उलट चाक जितके वाकडे, घर्षण जितके जास्त, तितका आकडा मोठा. एखादी तार सैल पडून चाक खिळखिळे होऊ लागले, तरी आकडा बरोबरच येणार. घाट उतरताना चाक दगा देईल त्या क्षणापर्यंत. आकडा चुकीचा असता, तर पुतण्याने दुसऱ्याच दिवशी धावाधाव केली असती. आकडा बरोबर होता म्हणूनच तो निर्धास्त राहिला.

हा प्रकार माझ्या ओळखीचा आहे. देशातल्या बँकांत एके काळी कर्जाचे व्याज प्रत्यक्ष वसूल झाले नाही, तरी ते कर्जदाराच्या नावे टाकून बँकेचे उत्पन्न म्हणून धरण्याची वहिवाट होती. खाते जितके थकलेले, तितके व्याजावर व्याज चढे, आणि नफ्याचा आकडा तितका गुबगुबीत दिसे. बेरीज-वजाबाकीत एका पैशाची चूक नसे. शाखेचा ताळा रात्री जुळत असे. चाक मात्र ब्रेकला घासत असे. १९९१ मध्ये नरसिंहम समितीचा अहवाल आला आणि १९९२-९३ पासून नियम झाला, की थकलेल्या खात्याचे व्याज हातात पडेपर्यंत उत्पन्न धरायचे नाही. आरंभी चार तिमाह्यांची मुदत होती, ती कमी होत २००४ च्या मार्चपासून नव्वद दिवसांवर आली. त्या पहिल्या वर्षी नफ्याचे आकडे खाली आले, तेव्हा अनेकांना बँका आजारी पडल्यासारखे वाटले. वास्तविक तेव्हा कोणीतरी प्रथमच चाक उचलून फिरवून पाहिले होते.

मोजमापाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मी आकड्यांवर पोट भरलेला माणूस आहे. माझे म्हणणे इतकेच, की प्रत्येक आकड्याच्या मागे एक न मोजलेला हात असतो, आणि तो हात नीट असेल, तरच आकड्याला अर्थ येतो. आपण आकड्याला किंमत देतो आणि हात ‘इतर’मध्ये टाकतो.

बँकेलाही या हाताची किंमत कधी करता आली नाही. १९७२ मध्ये विभेदक व्याजदराची योजना निघाली. अगदी गरिबाला अवघ्या ४ टक्क्यांनी कर्ज मिळे. १९८० च्या दशकात तालुक्याच्या शाखेत माझ्यासमोर सायकल दुरुस्तीवाल्यांचे अर्ज येत. पंप, पाने, टायर-ट्यूब, झालेच तर भाड्याने द्यायच्या दोन सायकली, अशी यादी असे, आणि त्या यादीतल्या वस्तूंवर कर्ज मंजूर होई. एका अर्जदाराने मला विचारले होते, “साहेब, मला चाक विणता येतं, ते कुठं लिहू?” छापील अर्जात त्याला जागा नव्हती. पंपाला किंमत होती, कारण तो उचलून नेता येतो. बोटांतली कला जप्त करता येत नाही, म्हणून ती तारणही होत नाही.

पूर्वी मोजणारा आणि बनवणारा हे एकाच घरात राहत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. नांगर, चरक आणि पंप पुढे आले. अमेरिकेतले राइट बंधू डेटन गावी सायकली बनवत आणि दुरुस्त करत. विमानाच्या पंखाला वारा किती उचलतो, याचे प्रसिद्ध असलेले आकडे त्यांना चुकीचे वाटू लागले, तेव्हा १९०१ मध्ये त्यांनी वाऱ्याचा एक लाकडी बोगदा केला आणि त्यात ठेवायचा तराजू स्वतः घडवला. तो कशाचा? करवतीच्या जुन्या पात्यांचा आणि सायकलच्या स्पोकच्या तारेचा. ज्या बोटांना तारेचा ताण कळत होता, त्याच बोटांनी जगाला नवे आकडे दिले. १९०३ मध्ये विमान उडाले.

आज ही दोन घरे लांब गेली आहेत. मामांचा मुलगा मोटारसायकलवरून घरोघर जेवणाचे डबे पोहोचवतो. त्याच्या मोबाईलमध्ये दर फेरीचे अंतर, वेळ आणि पैसे यांचा आकडा येतो. “त्याला दिसतं किती झाले ते,” मामा म्हणाले. “इथं काय दिसतं?” त्यांच्या हाताखाली शिकायला कोणी नाही. चाक विणायला दोन-तीन वर्षे हात बसावा लागतो, आणि एवढ्या वेळात दिसण्यासारखे काहीच होत नाही. ते गाळा बंद करतील, त्या दिवशी पुतण्याचा बावीस हजारांचा हब तसाच राहील, पण त्यातली एक तार तुटली, तर ती बसवायला आणि उरलेल्या एकतीस तारांना सुरात आणायला माणूस शोधावा लागेल. हा मीटर बनवणारी शाखा सॅरिसने २०१९ मध्ये स्रॅम कंपनीला विकली. असे हब आता जुन्या बाजारातच शोधावे लागतात. वस्तू जुनी होत जाते, तशी ती अधिकाधिक कारागिराच्या हाती जाते. कारखान्याला ती नको असते.

यावर मोठी योजना सुचवण्याचा माझा अधिकार नाही. पण तांत्रिक शाळांतून मोटारसायकल दुरुस्ती शिकवतात, तसे चाक विणणे शिकवायला काय हरकत आहे? शहरात हजारो रुपयांच्या सायकली रोज विकल्या जातात. त्यांची चाके पाच-सात वर्षांनी कोण सरळ करणार, याचा विचार विकणाऱ्यांनी करायला नको का? आणि कर्जाच्या अर्जात ‘येत असलेली कला’ असा एक रकाना छापायला कागद कितीसा लागतो?

तोवर आपल्या हातात असलेले एक काम आहे. आज रविवार आहे. जिन्याखाली किंवा गॅलरीत मुलांची सायकल उभी असेल. तिचे मागचे चाक उचला आणि फिरवा. रिम आणि ब्रेकचे रबर यांच्यातली फट पाहा. ती फेऱ्यात एकसारखी राहते का, कुठे लहान-मोठी होते का. मग एका बाजूच्या तारा नखाने छेडत जा आणि मुलांना ऐकायला सांगा. एखादी भलत्याच सुरात बोलली किंवा बोललीच नाही, तर सायकल घेऊन कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे जा. ते जे मागतील ते द्या, आणि खर्चाच्या वहीत ते ‘इतर’खाली लिहू नका.